उजेड गिळणारे रेणू, उजेड ओकणारे रेणू: संगणकीय रसायनशास्त्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनस्क्रीन, अँटिऑक्सिडंट आणि काजवा, ही मोट बांधली कुणी?

इलेक्ट्रॉनने. तिन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच असतो: रेणूतल्या इलेक्ट्रॉनकडे जास्तीची ऊर्जा आली की ती जाते कुठे? सनस्क्रीनमधला रेणू अतिनील किरण गिळतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात झटकून टाकतो. हे करताना त्याने स्वतः मोडू नये अशी अपेक्षा असते. काजव्याच्या पोटातला रेणू नेमकं उलटं करतो, रासायनिक अभिक्रियेतून आलेली ऊर्जा प्रकाश करून बाहेर सोडतो. अँटिऑक्सिडंट सहसा उजेडाच्या भानगडीत पडत नाही. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन सैरावैरा फिरणाऱ्या रेणूला, म्हणजे फ्री रॅडिकलला, तो स्वतःजवळचा हायड्रोजन देतो आणि त्याला गप्प बसवतो.

म्हणूनच इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडणारी मंडळी या तिन्ही विषयांत ये-जा करताना दिसतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात डोकावणार आहे: या कामात आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच त्या आकड्यातली चूक महत्त्वाची.

संगणकीय रसायनशास्त्र म्हणजे नेमकं काय करतात?

रेणूतले अणू कुठे आहेत ते संगणकाला सांगायचं. मग संगणक क्वांटम सिद्धांताच्या नियमांनी इलेक्ट्रॉन कसे वावरतील आणि रेणूची ऊर्जा किती होईल ते काढतो. अणू जरासे हलवायचे, पुन्हा ऊर्जा काढायची. असं हजारो वेळा केलं की ऊर्जेचा एक डोंगराळ नकाशा तयार होतो. त्यातली दरी म्हणजे स्थिर रेणू, आणि दोन दऱ्यांमधली खिंड म्हणजे अभिक्रिया घडताना ओलांडावा लागणारा अडथळा.

परीक्षानळी, द्रावण, वास यातलं काही नसतं. दिवसाचा बराचसा वेळ गणित मध्येच का थांबलं हे शोधण्यात जातो, हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

समीकरण तर १९२६ पासून आहे. मग अजून अचूक उत्तर का मिळत नाही?

श्रोडिंजरने १९२६ साली मांडलेलं समीकरण हायड्रोजनच्या अणूसाठी कागदावर पूर्ण सुटतं. तिथे इलेक्ट्रॉन एकच असतो. हीलियममध्ये दोन झाले की ते तसं सुटत नाही, कारण दोघे एकमेकांना ढकलतात आणि एकाची जागा दुसऱ्यावर अवलंबून राहते. सनस्क्रीनमधल्या रेणूत शंभराच्या वर इलेक्ट्रॉन असतात.

त्यामुळे तडजोडी कराव्या लागतात. सर्वांत जास्त चाललेली तडजोड म्हणजे डेन्सिटी फंक्शनल सिद्धांत, बोलताना नुसतं ‘डीएफटी’. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढण्याऐवजी सगळ्यांची मिळून दाटी कुठे किती आहे, एवढंच पाहायचं. हे तत्त्वतः पुरेसं असतं, हे होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ते प्रत्यक्ष गणितात उतरवलं. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना विभागून मिळालं. कोन यांना या सिद्धांतासाठी, आणि पोपल यांना क्वांटम रसायनशास्त्रातल्या संगणकीय पद्धती विकसित करण्यासाठी.

याहून काटेकोर पद्धती आहेत, पण त्या महाग पडतात. ज्या पद्धतीला या क्षेत्रात सुवर्णमानक म्हणतात, तिचा खर्च रेणूच्या आकाराच्या सातव्या घाताने वाढतो. रेणू दुप्पट झाला की काम १२८ पट, तिप्पट झाला की २१८७ पट. नवा, दुप्पट वेगवान संगणक आणला तरी त्याने फार काही साधत नाही, ते यामुळे.

चूक किती येते? आणि तिने एवढं काय बिघडतं?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. खरं तर तो पहिला असायला हवा.

उजेडाचा रंग आणि त्याची ऊर्जा यांचं नातं सोपं आहे: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात मिळते. नेहमीच्या काजव्याचा पिवळट हिरवा प्रकाश सुमारे ५६० नॅनोमीटरचा, म्हणजे २.२१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. तांबडा प्रकाश ६२० नॅनोमीटरचा, म्हणजे २.० चा. दोन्हींत फरक जेमतेम ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. आता गंमत पाहा. उत्तेजित अवस्थांसाठी डीएफटीची जी काळावलंबी आवृत्ती सर्रास वापरतात, तिची नेहमीची चूक ०.२ ते ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टची आहे. म्हणजे काजवा हिरवा चमकेल की तांबडा, हे ज्या तराजूवर तोलायचं, त्याचा काटाच तेवढा हलतो.

अभिक्रियेच्या वेगाचं तर आणखी अवघड. अडथळ्याच्या उंचीत मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) ४ किलोज्यूलच्या आसपास चूक झाली, तर नेहमीच्या तापमानाला वेग पाचेक पटींनी चुकतो. ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे मोलमागे १९ किलोज्यूल. तेवढी चूक झाली तर वेग दोन हजार पटींहून जास्त चुकतो.

मग हे सगळं निरर्थक का? नाही. एकाच घराण्यातल्या दोन रेणूंची तुलना केली तर दोघांतली चूक बहुधा एकाच दिशेची असते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. ‘या रेणूची तरंगलांबी ३५७ आहे’ या दाव्यापेक्षा ‘इथे मिथॉक्सी नावाचा अणुगट लावला तर तरंगलांबी वाढेल’ हा दावा कितीतरी भरवशाचा. शोधनिबंध वाचताना मी आधी पाहतो तो लेखक तुलना करतोय की नुसता आकडा फेकतोय, हे.

सनस्क्रीनमधला रेणू किरण गिळल्यावर काय करतो?

अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात. १०० ते २८० नॅनोमीटरचा पट्टा वातावरणात, मुख्यतः ओझोन थरातच अडतो. २८० ते ३१५ चा ‘बी’ पट्टा त्वचा भाजतो, आणि ३१५ ते ४०० चा ‘ए’ पट्टा खोलवर शिरतो. गाळणी म्हणून वापरलेल्या रेणूने यांतला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, गिळला की त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. तिथून परतायचे रस्ते अनेक: प्रकाश सोडणं, बंध तोडणं, शेजारच्या रेणूला ऊर्जा देणं, किंवा थरथरून ती उष्णता म्हणून झटकून टाकणं. हवा असतो तो शेवटचा रस्ता, आणि तोही इतर रस्ते सापडण्याआधी.

ऑक्सिबेन्झोन हे याचं नमुनेदार उदाहरण. त्याच्या रेणूत हायड्रॉक्सिल गटाचा हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजनकडे झुकलेला असतो. फोटॉन गिळताच तो हायड्रोजन ऑक्सिजनवर उडी मारतो, मग मधला कार्बन-कार्बन बंध पिळला जातो, आणि या पिळलेल्या स्थितीत उत्तेजित अवस्था मूळ अवस्थेला येऊन भिडते. रेणू खाली घसरतो, हायड्रोजन जागेवर परततो. या सगळ्याला सुमारे ४०० फेम्टोसेकंद लागतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. पुढच्या काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) रेणू आपली उष्णता भोवतालच्या द्रवाला देऊन पुढच्या फोटॉनसाठी मोकळा होतो. थोडेसे रेणू पिळलेल्या रूपात अडकूनही पडतात, आणि संशोधकांना जास्त रस असतो तो यांच्यात.

इतक्या कमी वेळात घडणाऱ्या गोष्टी लेझरच्या अतिलघु झोतांनी टिपता येतात. त्या कलेसाठी अहमद झेवैल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. पण लेझरचा प्रयोग फक्त सांगतो की अमुक वेळाने अमुक रंगाचं शोषण कमी झालं. त्या वेळी कोणता बंध पिळला जात होता ते गणितातून कळतं. दोघांनी हातात हात घातल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

‘उत्तेजित अवस्था मूळ अवस्थेला भिडते’ म्हणजे काय?

वर ऊर्जेचा डोंगराळ नकाशा म्हटला. असे दोन नकाशे एकावर एक ठेवले आहेत अशी कल्पना करा, खालचा मूळ अवस्थेचा, वरचा उत्तेजित अवस्थेचा. बहुतेक ठिकाणी दोघांत अंतर असतं. पण रेणूचे काही विशिष्ट आकार असे असतात की तिथे दोन्ही नकाशे एकमेकांना टेकतात. त्या जागेभोवती वरचा नकाशा फनेलसारखा आणि खालचा उलट्या शंकूसारखा दिसतो, म्हणून तिला कोनिकल इंटरसेक्शन म्हणतात. रेणू तिथवर पोचला की क्षणात खाली येतो, प्रकाश न सोडता.

सनस्क्रीनच्या रेणूत हे फनेल जवळ हवं आणि वाट उताराची हवी. काजव्याच्या रेणूत प्रकाश सोडायच्या जागी ते लांब हवं, वाटेत चढ हवा. एकाच गणिताला दोन विषयांत उलट उत्तरं हवी असतात.

इथे साधी डीएफटी लंगडी पडते. दोन अवस्थांची ऊर्जा सारखी होते तिथे इलेक्ट्रॉनच्या एकाच मांडणीवर आधारलेली पद्धत गोंधळते, आणि अनेक मांडण्या एकदम धरणाऱ्या पद्धती घ्याव्या लागतात. त्यात कोणते इलेक्ट्रॉन आणि कोणत्या कक्षा हिशेबात घ्यायच्या हे माणसाने ठरवायचं असतं. ही निवड चुकली तर संगणक कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतो.

उन्हात सनस्क्रीन स्वतःच बिघडतं, हे खरं का?

काही बाबतींत खरं. ‘ए’ पट्ट्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा सेंद्रिय रेणू अ‍ॅव्होबेन्झोन. त्याचं शोषण सुमारे ३५७ नॅनोमीटरला कमाल असतं, पण ते त्याच्या ईनॉल रूपाचं, ज्यात हायड्रोजन दोन ऑक्सिजनच्या मध्ये बांधलेला असतो. उन्हात काही रेणू तो बंध सोडून कीटो रूपात जातात, आणि ते रूप शोषतं २६५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जमिनीवर जे किरण पोचतच नाहीत तिथे. गाळणी आहे, पण भलत्याच जागी. शिवाय कीटो रूप ट्रिप्लेट नावाच्या दीर्घायुषी अवस्थेतून तुटून फ्री रॅडिकल तयार करू शकतं.

यावर उतारा म्हणून सोबत ऑक्टोक्रायलीन घालतात. ते अ‍ॅव्होबेन्झोनची ट्रिप्लेट ऊर्जा काढून घेतं. उलट ऑक्टिनॉक्सेटशी अ‍ॅव्होबेन्झोनचं पटत नाही. उजेडात दोघांची अभिक्रिया होऊन दोघंही खर्ची पडतात. कुणाचं कुणाशी जमेल हे ट्रिप्लेट ऊर्जांच्या तुलनेतून आधी ताडता येतं, आणि तुलनेत चूक कमी पडते हे वर आलंच आहे. मला विचाराल तर या विषयात गणिताचा सर्वांत रोकडा उपयोग हाच.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड किरण परतवून लावतात ना?

हा गैरसमज फार चिवट आहे. अतिनील पट्ट्यात ही दोन्ही द्रव्यं मुख्यतः शोषणच करतात. ती अर्धवाहक आहेत. झिंक ऑक्साइडमधला ऊर्जेचा पट्टा सुमारे ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे ३७५ नॅनोमीटरहून लहान तरंगलांबी ते गिळतं. थोडं विखुरणं होतं, आणि दृश्य प्रकाश विखुरल्यामुळे चेहरा पांढरट दिसतो, पण संरक्षणाचा मोठा वाटा शोषणाचा. ‘भौतिक’ आणि ‘रासायनिक’ सनस्क्रीन अशी विभागणी म्हणूनच फसवी वाटते.

एसपीएफ ५० हे २५ च्या दुप्पट चांगलं का?

एसपीएफ म्हणजे सनस्क्रीन त्वचेला भाजण्यापासून किती पट वाचवतं याचा आकडा. आत पोचणाऱ्या किरणांच्या हिशेबाने, हो. त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी ढोबळमानाने २५ मध्ये ४ टक्के आत जातात, ५० मध्ये २ टक्के. अडवलेल्या किरणांच्या हिशेबाने पाहिलं तर ९६ आणि ९८. दोन्ही वाक्यं खरी, जाहिरात आपल्या सोयीचं निवडते. हा आकडा मुख्यतः ‘बी’ पट्ट्याबद्दल बोलतो, आणि तो जाड थर लावून मोजलेला असतो.

संगणकावर सुरक्षित सनस्क्रीन तयार करता येईल का?

रेणू सुचवता येईल, मलम नाही. कोणत्या तरंगलांबीला शोषण होईल, ऊर्जा किती लवकर उतरेल, ट्रिप्लेट अवस्था धोकादायक आहे का, हे गणित बऱ्यापैकी सांगतं. रेणू त्वचेतून रक्तात जातो का, संप्रेरकांशी गडबड करतो का, पाण्यात गेल्यावर प्रवाळाला काय करतो, यांसाठी वेगळे प्रयोग लागतातच. अमेरिकेतल्या हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आणली ती प्रवाळाच्या काळजीपोटी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावित नियमात फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांनाच सुरक्षित व परिणामकारक म्हटलं, आणि बारा सेंद्रिय गाळण्यांसाठी आणखी माहिती मागितली. माहिती नाही याचा अर्थ घातक ठरली असा नव्हे. बातम्यांमध्ये हा फरक हरवतो.

गणिताकडे ओढा वाढण्याचं आणखी एक कारण आहे. युरोपीय संघात प्राण्यांवर चाचणी केलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर २०१३ पासून पूर्ण बंदी आहे. त्यामुळे रेणू बनवण्याआधीच त्यातले निम्मेशिम्मे कागदावर बाद करता आले तर सगळ्यांनाच हवं आहे.

नव्या कल्पना निसर्गाकडूनही येतात. वनस्पतींच्या पानांतलं सिनॅपॉइल मॅलेट आणि शैवालांतली मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं हीसुद्धा उन्हाची गाळणीच. माणूस मलम फासू लागला त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

अँटिऑक्सिडंट चांगला की वाईट, हे गणिताने कसं ठरवतात?

सर्वांत सोपा मापदंड म्हणजे हायड्रोजन तोडायला लागणारी ऊर्जा. साध्या फिनॉलमधला (बेन्झीन कडं आणि त्याला एक हायड्रॉक्सिल गट) ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३६५ किलोज्यूल लागतात. ई जीवनसत्त्वात, म्हणजे अल्फा-टोकोफेरॉलमध्ये, सुमारे ३२५. चरबी खवट करणारं पेरॉक्सिल रॅडिकल हायड्रोजन पकडतं तेव्हा जो नवा बंध बनतो, त्यातून साधारण फिनॉलच्या बंधाइतकीच ऊर्जा मिळते. म्हणजे फिनॉलशी व्यवहार ना नफा ना तोटा, टोकोफेरॉलशी चाळीसेक किलोज्यूलचा नफा.

चाळीस किलोज्यूल कुठून आले? टोकोफेरॉलच्या बेन्झीन कड्याला आणखी एक सहा अणूंचं कडं जोडलेलं असतं. त्यातला ऑक्सिजन असा जखडलेला असतो की त्याची इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी बेन्झीन कड्याच्या ढगात सरळ मिसळते. हायड्रोजन गेल्यावर मागे उरलेलं रॅडिकल त्यामुळे शांत राहतं. मिथाइल गटही हातभार लावतात. रचनेतला हा बारकावा केवढा महाग आहे ते वेगावरून दिसतं: पेरॉक्सिल रॅडिकलशी टोकोफेरॉलचा वेगांक (अभिक्रियेचा वेग सांगणारा आकडा) सुमारे ३० लाख, तर चरबीतल्या लिनोलिक आम्लाच्या साखळीतून हायड्रोजन ओढण्याचा साठच्या आसपास. पन्नास हजार पट फरक! पेशीच्या पटलात हजार मेदरेणूंमागे एखादाच टोकोफेरॉल पुरतो तो यामुळे. शिवाय वापरून झालेल्या टोकोफेरॉलला क जीवनसत्त्व पुन्हा हायड्रोजन देऊन कामाला लावतं.

बंध-ऊर्जा हा एकच रस्ता नव्हे. पाण्यात रेणू आधी प्रोटॉन सोडतो आणि मग इलेक्ट्रॉन देतो, असंही घडतं. कधी आधी इलेक्ट्रॉन जातो, मागून प्रोटॉन. एकच रेणू तेलात एका रस्त्याने जातो, पाण्यात दुसऱ्या. ज्या निबंधात निर्वातातल्या एका बंध-ऊर्जेवरून ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ असा निष्कर्ष काढलेला असतो, तो मी अर्ध्यावर मिटतो. द्रावक कोणता, आम्लता किती, वेग काढला की नुसती ऊर्जा, हे सांगितल्याशिवाय तो आकडा हवेतला.

हळदीतल्या कर्क्युमिनवर असे ढिगाने निबंध निघाले आहेत. त्याच्या मध्यभागी अ‍ॅव्होबेन्झोनसारखाच दोन ऑक्सिजनमध्ये बांधलेला ईनॉल हायड्रोजन असतो. हायड्रोजन कुठला जातो, टोकाच्या फिनॉलचा की मधला, यावर बराच काळ वाद चालला. बंध-ऊर्जेचं गणित फिनॉलच्या बाजूने बोलतं.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

या प्रश्नाचं उत्तर संगणकात नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची खाद्यपदार्थांची यादी अमेरिकी कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातदार ते सर्रास वापरत होते. रेणूच्या पातळीवरचं खरं शरीराच्या पातळीवर खरं ठरेलच असं नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या.

काजव्याच्या पोटात नक्की काय घडतं?

ल्युसिफेरिन नावाचा २६ अणूंचा लहानसा रेणू आणि ल्युसिफेरेज नावाचं साडेपाचशे अमिनो आम्लांचं एन्झाइम. ही नावं राफाएल द्युबुआ यांनी १८८० च्या दशकात दिली. विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवलं की या उजेडाला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागतं. ल्युसिफेरिनची रचना १९६१ मध्ये उलगडली. मॅकेलरॉय शाळकरी मुलांना पैसे देऊन काजवे पकडून आणायला सांगत. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता.

क्रम असा: एटीपीचा एक भाग ल्युसिफेरिनला येऊन चिकटतो, मग त्यावर ऑक्सिजन येऊन डायऑक्सेटॅनोन बनतो. हे चार अणूंचं ताणलेलं कडं. त्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मुळातच कच्चा. तो तुटतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे ऑक्सिल्युसिफेरिन राहतं, उत्तेजित अवस्थेत. ते खाली येताना प्रकाश सोडतं.

पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं की काजव्याचा उजेड एटीपीच्या ऊर्जेवर चालतो. हिशेब करून पाहा. ५६० नॅनोमीटरच्या एका मोल फोटॉनची ऊर्जा सुमारे २१४ किलोज्यूल. एटीपीच्या विघटनातून प्रमाण स्थितीत मिळतात तीसेक. सातपट तूट आहे! एटीपी फक्त दार उघडतं. ऊर्जा येते ती कच्चा पेरॉक्साइड बंध तुटून पक्के कार्बोनिल बंध तयार होण्यातून.

तुटणारा बंध रेणूला वर कसा ढकलतो? ऊर्जा उष्णता होऊन का जात नाही?

इथे पुन्हा तेच फनेल येतं, फक्त उलट्या दिशेने. डायऑक्सेटॅनोन तुटताना रेणू अशा जागी पोचतो जिथे दोन्ही नकाशे जवळजवळ टेकलेले असतात. तिथून काही रेणू वरच्या नकाशावर जातात. साध्या डायऑक्सेटॅनोनमध्ये हे क्वचितच जमतं, आणि जमलं तरी बहुतेक वेळा चमक न देणारी ट्रिप्लेट अवस्था पदरी पडते. काजव्यात मात्र रेणूच्या दुसऱ्या टोकाला ऋणभार असलेला फिनॉलेट गट असतो. बंध ताणला जाताना त्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा भार पेरॉक्साइडकडे सरकतो आणि तुटून झाल्यावर परत फिरतो. या येण्याजाण्यातच रेणू चमकणाऱ्या अवस्थेत जाऊन बसतो. १९७० च्या दशकात अख्खा इलेक्ट्रॉन उडी मारून परततो असं चित्र मांडलं गेलं. नंतरच्या गणितांनी ते मवाळ केलं: भार टप्प्याटप्प्याने सरकतो आणि टप्प्याटप्प्याने परततो.

काजव्याचा उजेड शंभर टक्के कार्यक्षम असतो ना?

नाही. १९६० मधल्या मोजणीत ८८ टक्के आकडा आला आणि पाठ्यपुस्तकांत तोच रुजला, पुढे फुगून काही ठिकाणी शंभरही झाला. जपानमध्ये २००८ साली नव्याने केलेल्या काटेकोर मोजणीत ४१ टक्के निघाले. हेही एखाद्या रासायनिक दिव्यासाठी थक्क करणारंच आहे.

एकच रेणू, मग रंग वेगवेगळे का?

संशोधकांनी यावर सर्वांत जास्त घाम गाळला आहे. सगळे काजवे तेच ल्युसिफेरिन वापरतात, तरी रंग हिरव्यापासून नारिंगीपर्यंत बदलतो. काजव्यांच्या नात्यातला ‘रेलरोड वर्म’ तर डोक्याकडे तांबडा चमकतो. आम्लधर्मी द्रावणात नेहमीच्या काजव्याचं एन्झाइमही तांबडा उजेड देतं.

ऑक्सिल्युसिफेरिनची रासायनिक रूपं सहा: कीटो, ईनॉल, ईनॉलेट, आणि प्रत्येकाचं फिनॉल किंवा फिनॉलेट टोक. आधी समजूत अशी होती की कीटो रूप तांबडं आणि ईनॉल रूप हिरवं. मग ज्याला ईनॉल होताच येत नाही असा दोन मिथाइल गट लावलेला रेणू बनवला गेला, आणि तोही हिरवा चमकला. आज बहुतेकांचं मत कीटो-फिनॉलेट रूपाच्या बाजूने आहे. रंग ठरतो तो एन्झाइमच्या खोबणीतल्या भोवतालावरून: फिनॉलेटजवळ पाण्याचा रेणू आहे का, कोणता हायड्रोजन बंध आहे, भार कुठे आहेत. हे सगळे परिणाम एक-दोन दशांश इलेक्ट्रॉनव्होल्टचे. पद्धतीच्या चुकीएवढेच. म्हणून इथे सुटा आकडा कुणी मानत नाही. एकाच पद्धतीने एन्झाइमची दोन रूपं ताडून पाहायची आणि फरक प्रयोगाशी जुळतो का ते बघायचं.

एवढं मोठं प्रथिन संगणकात मावतं कसं?

ऑक्सिल्युसिफेरिनमध्ये अणू २२, एन्झाइममध्ये आठ हजारांहून जास्त, भोवतालचं पाणी वेगळं. उपाय असा: उजेड देणाऱ्या रेणूला क्वांटम नियम लावायचे, बाकी सगळ्याला चेंडू आणि स्प्रिंगचे साधे नियम, आणि दोघांच्या सीमेवर काळजीपूर्वक टाका घालायचा. वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी ही युक्ती १९७६ मध्ये एका एन्झाइमवर वापरून दाखवली. त्यांना आणि मार्टिन कार्प्लस यांना २०१३ चं नोबेल मिळालं. टाका कुठे घालायचा यावर भांडणं अजून चालू आहेत.

हे तीन विषय प्रत्यक्ष निसर्गात कुठे एकत्र येतात का?

येतात, आणि ते बघून अंगावर काटा येतो. २०१५ मध्ये एक निबंध आला. अतिनील किरण बंद झाल्यावरही तीन तासांहून जास्त काळ रंगद्रव्य असलेल्या त्वचापेशींमध्ये डीएनएची तीच इजा होत राहते जी किरणांनी होते, तीही पूर्ण अंधारात. किरणांमुळे पेशीत तयार झालेली ऑक्सिजन आणि नायट्रोजनची क्रियाशील द्रव्यं त्वचेच्या रंगद्रव्याच्या, म्हणजे मेलॅनिनच्या, तुकड्यांवर हल्ला करतात आणि डायऑक्सेटेन बनतो, काजव्याच्या त्या ताणलेल्या कड्याचा सख्खा भाऊ. तो तुटून ट्रिप्लेट अवस्था तयार होते. ती प्रकाश न सोडता आपली ऊर्जा सरळ डीएनएला देते. ही ऊर्जा मध्येच काढून घेणारे रेणू दिल्यावर इजा कमी झाली. ज्या मेलॅनिनला आपण संरक्षक म्हणतो तेच इथे उलटलं.

क्वांटम संगणक किंवा यंत्रशिक्षण हे सगळं सोडवेल का?

यंत्रशिक्षण कामाला लागलंच आहे: महागड्या पद्धतीने काढलेल्या ऊर्जांवर शिकवलेली न्यूरल नेटवर्कची जाळी तोच नकाशा हजारो पट वेगाने देतात. पण नकाशे जिथे एकमेकांना टेकतात तिथे त्याही अडखळतात. क्वांटम संगणकाची वाट पाहण्यात सध्या अर्थ नाही.

मला करून पाहायचं असेल तर?

पीएसआय४ आणि पायएससीएफ ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, ओर्का शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतं, आणि टेकणाऱ्या नकाशांसाठी ओपनमोल्कास आहे. रेणू काढायला अ‍ॅव्होगाड्रो. साधा लॅपटॉप पुरतो. एकदम काजव्यावर उडी घेऊ नका. आधी फिनॉलचा बंध तोडा, मग पॅरा जागी, म्हणजे कड्यावर बरोबर समोर, मिथॉक्सी गट लावून तोच बंध पुन्हा तोडा. दोन आकड्यांतली वजाबाकी प्रयोगाच्या जवळ येते, सुटे आकडे येत नाहीत, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. त्यानंतर ऑक्सिबेन्झोन घ्या आणि हायड्रोजन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर जरा-जरा सरकवत दोन्ही अवस्थांच्या ऊर्जा काढा. मूळ अवस्थेत तो चढ दिसेल, उत्तेजित अवस्थेत उतार.